‘असं केलं तर?’पासून ‘तुला काय वाटतं?’पर्यंत

धंद्यातला निर्णय घेण्याआधी एआयशी बोलून बघायची सवय अलीकडची. तिच्यामागची कल्पना मात्र साठ वर्षांहून जुनी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि संगणक-संशोधक जे. सी. आर. लिकलायडर यांनी स्वतःच्या कामाच्या वेळाची नोंद ठेवली, तेव्हा ‘विचारा’साठी म्हणून दिलेल्या वेळातला सुमारे ८५ टक्के वेळ माहिती शोधण्यात, आलेख काढण्यात आणि आकडेमोडीतच गेलेला दिसला. १९६० साली त्यांनी वाटणी सुचवली: ही तयारी यंत्राने करावी, उद्दिष्ट ठरवणं आणि निवाडा करणं माणसाकडे राहावं.

१९७१ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी निर्णयांची प्रतवारी केली. माल कधी मागवायचा, हा साचेबंद निर्णय. नव्या बाजारात उतरायचं की नाही, याला साचा नाही. संगणकाचा बहुतेक वापर पहिल्या प्रकारात अडकला आहे, हे त्यांचं निरीक्षण पुढे बराच काळ खरं राहिलं.

१९७९ च्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रामने ‘असं केलं तर?’ हा प्रश्न स्वस्त केला. एक आकडा बदलला की सगळा तक्ता बदलायचा. पण स्प्रेडशीटचा एक दोष आजही कायम आहे: मोजलेला आकडा आणि अंदाजाने टाकलेला आकडा चौकटीत सारखेच ठाम दिसतात. त्यानंतर आल्या तज्ज्ञ-प्रणाली, म्हणजे तज्ज्ञांचं ज्ञान नियमांच्या रूपात भरलेले प्रोग्राम. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत १९८० पासून वापरात आलेली एक्सकॉन संगणकाच्या ऑर्डरमध्ये कोणते भाग हवेत ते ठरवायची. काम अरुंद होतं म्हणून ती चालली. मात्र उत्पादनं बदलत गेली तसे नियम शेकड्यांवरून हजारांवर गेले आणि ते सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि साचा नसलेला प्रश्नही साध्या भाषेत यंत्रापुढे ठेवता येऊ लागला. मात्र बोलणाऱ्या यंत्राचा धोका १९६६ सालीच दिसला होता. जोसेफ वायझेनबॉम यांचा एलायझा हा प्रोग्राम समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा. तो कसा बनला हे जवळून पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेही त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. आजची मॉडेल्स कितीतरी पुढची आहेत, पण प्रश्नाचा कल उत्तरात उतरतोच. शिवाय माणसांच्या पसंतीवर प्रशिक्षण होतं आणि माणसांना होकार आवडतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयला जीपीटी-४ओ या मॉडेलचं एक अपडेट अति खुशामतीमुळे मागे घ्यावं लागलं.

खुशामत निदान ओळखू येते. सफाईदार चूक ओळखणं अवघड. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या व्यवस्थापन-सल्ला कंपनीच्या ७५८ सल्लागारांवरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एआयला झेपणाऱ्या कामांत ते वापरणाऱ्यांनी सरासरी १२ टक्के जास्त कामं केली, तीही २५ टक्के वेगाने. पण एक काम मुद्दाम वेगळं रचलं होतं: तक्त्यातले आकडे एकीकडे बोट दाखवत होते आणि खरी मेख मुलाखतींच्या टिपणांत होती. तिथे एआय वापरणाऱ्यांचं बरोबर उत्तरांचं प्रमाण १९ टक्के-बिंदूंनी कमी भरलं.

म्हणूनच क्रमाला महत्त्व आहे. आधी स्वतःचा कल, त्याची कारणं आणि कोणता आकडा दिसला तर मत बदलाल, हे कागदावर लिहा. मग प्रश्न विचारा, पण कल सांगू नका. प्रस्ताव तिसऱ्याच कुणाचा आहे असं मांडा. प्रत्येक आकड्यापुढे ‘मोजलेला’ की ‘अंदाज’ ते नोंदवा आणि हिशेब स्प्रेडशीटमध्येच करा. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची, २००७ मध्ये लेखातून सर्वांपुढे आलेली रीत इथे नेमकी लागू पडते: वर्ष उलटलं आहे आणि निर्णय सपशेल फसला आहे असं धरून कारणं लिहायची. ती आधी स्वतः लिहा, मग यंत्राकडून घ्या. यंत्राची यादी आधी वाचली की स्वतःची सुचत नाही.

‘विरोधी बाजू मांड’ म्हटलं की ते मांडतं, पण तो नेमलेला विरोध असतो. मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांच्या प्रयोगांत असा नेमलेला विरोधक खऱ्या असहमताइतका उपयोगी ठरला नव्हता. ज्याला निर्णयाची झळ बसणार आहे त्याला विचारण्याची जागा त्यामुळे भरून निघत नाही.

एक चाचणी मात्र पाच मिनिटांत होते. दोन नवे संवाद उघडा. एकात निर्णयाच्या बाजूने झुकलेला प्रश्न टाका, दुसऱ्यात विरोधात झुकलेला. दोन्हीकडे प्रश्नाच्या कलालाच होकार आला, तर ते उत्तर बाजूला ठेवा आणि दोन्ही संवादांत तशीच टिकलेली कारणं तेवढी उचला.