दम असतो कातडीच्या आत

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा अख्ख्या खानदेशातले अश्वशौकीन तिकडे वळतात. घोडा पारखायची तिथली रीत ठरलेली. ओठ वर करून दात बघायचे, वय काढायचं. मग अंगावरचे केसांचे भोवरे: देवमण हा शुभ मानलेला भोवरा आहे का, कुठे खोड म्हणजे अशुभ भोवरा आहे का. पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, निघाला की भाव चढतो. रेवाल ही संथ, न हिसकणारी चालही चालवून दाखवतात. दम मात्र असा दिसत नाही, आणि तो समजून घ्यायला सेक्रेटेरिएटसारखा घोडा नाही.

हा तांबूस थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, १९७० साली अमेरिकेत जन्मला. २१ शर्यतींपैकी १६ जिंकला. १९७३ मध्ये बेलमाँटची दीड मैलांची शर्यत त्याने २ मिनिटं २४ सेकंदांत मारली, म्हणजे सरासरी वेग ताशी ६० किलोमीटर! दुसरा घोडा ३१ घोड्यांच्या लांबीइतका मागे होता. मला तर त्याआधीची केंटकी डर्बी ही शर्यत जास्त थक्क करते. सव्वा मैलातला प्रत्येक पाव मैल त्याने आधीच्यापेक्षा कमी वेळात कापला. बाकीचे दमत होते, हा वेग वाढवत होता.

हे बळ येतं कुठून? उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३०-४० वेळा धडधडतं, चौखूर धावताना २२० च्या वर जातं. खरी कमाल पानथरीची, म्हणजे प्लीहेची. तांबड्या पेशींनी दाटलेलं कित्येक लिटर रक्त ती साठवून ठेवते आणि धाव सुरू होताच आकसून ते नसांत सोडते. रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासून ६० च्या पुढे जातं. माणसाचं रक्त इतकं दाट झालं तर डॉक्टर तातडीने उपचार सुरू करतील. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, आणि चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास. म्हणून रुंद नाकपुड्या बघणारे जुने जाणकार मला फार पटतात.

१९८९ मध्ये खुरांच्या असाध्य आजारामुळे सेक्रेटेरिएटला दयामरण द्यावं लागलं. शवविच्छेदनात त्याचं हृदय निरोगी, पण अवाढव्य निघालं. वजन केलं नव्हतं; डॉक्टरांचा अंदाज १० किलोंचा. एरवी ते ४ किलोंच्या आसपास असतं.

त्याचे मुलगे त्याच्या तोडीचे निघाले नाहीत. नाव राखलं मुलींनी: ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅट हे नामांकित घोडे त्याच्या लेकींचे. ए. पी. इंडीने तर १९९२ मध्ये बेलमाँटच जिंकली. घोडा घेताना बापाचं नाव सगळेच विचारतात. आईचा बापही विचारायला हवा.