सीट लागणे (सायकल)

सीट लागणे : सायकलच्या सीटचा दाब, घर्षण आणि घामाचा ओलावा यांमुळे बूड, जांघा व त्यांमधील नाजूक भागाला होणारा त्रास. चप्पल लागते तशी सीट लागते, म्हणून हे नाव. साध्या ठणक्यापासून कातडी सोलवटणे, केसतूड व गळू इथपर्यंत त्याची व्याप्ती आहे. नियमित सायकल चालवणाऱ्याला तो अधूनमधून होतो. काही महिन्यांच्या खंडानंतर परतणाऱ्याला मात्र पहिल्या पंधरवड्यात थोडाफार होतोच. नाशिकमध्ये हा खंड बहुधा पावसाळ्यात पडतो आणि पुनरारंभ दसऱ्याच्या सुमारास, म्हणजे नेमका ऑक्टोबरच्या उकाड्यात होतो. सवय मोडलेली आणि घाम भरपूर, असा दुहेरी योग त्या महिन्यात जुळून येतो.

पूर्वपीठिका : हा विकार सायकलच्या आधीचा, घोडेस्वारांचा आहे. शक लोकांच्या कंबरेच्या दुखण्याचा व नपुंसकत्वाचा संबंध सततच्या घोडेस्वारीशी जोडणारा उल्लेख प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात आढळतो. तो प्रत्यक्ष त्याचाच असल्याबद्दल मतभेद आहेत. सायकलपुरते बोलायचे तर १८६० च्या दशकातील लोखंडी धावांच्या वाहनाला इंग्लंडात ‘हाडे खिळखिळी करणारे’ असेच टोपणनाव होते. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांनी १८८२ मध्ये ताणलेल्या चामड्याच्या सीटचे पेटंट घेतले. घोडा मेल्यामुळे उसनी घेतलेली सायकल बोचली म्हणून त्यांना ही कल्पना सुचली, ही कंपनीने जपलेली कथा. तिला कथेइतकेच वजन द्यावे. पॅडेड शॉर्टमधील गादीला आजही ‘शॅमी’ म्हणतात, ते शामवा या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्यावरून. धुतल्यावर हे कातडे कडक होई, म्हणून त्याला मलम चोळत. आज अंगाला लावतात त्या ‘शॅमी क्रीम’चे मूळ कातडे मऊ ठेवण्याच्या या मलमात आहे. कृत्रिम कापडाच्या गाद्या १९८० च्या दशकापासून रूढ झाल्या असे सामान्यतः मानले जाते. व्यावसायिक स्पर्धकही यातून सुटलेले नाहीत : १९८७ च्या ‘व्हुएल्टा’ या स्पेनमधील सायकल शर्यतीत आघाडीवर असलेल्या आयरिश सायकलपटू शॉन केली यांना सीटच्या गळवामुळेच माघार घ्यावी लागली.

प्रकार : तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. (१) बैठकीच्या हाडांचा, म्हणजे आसनास्थींच्या खालच्या टोकांचा ठणका. तो दोन्ही बाजूंना सारखा असतो, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला वाढतो आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरतो. (२) कातडीचा त्रास : जांघेत आग, लाल पट्टे, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या. हा सवयीने जात नाही, दुर्लक्ष केल्यास चिघळतो. (३) बधिरता. मधल्या भागातील नस व रक्तवाहिन्या दबल्याचे ते लक्षण आहे. तिची सवय होऊ देऊ नये. मुंग्या आल्या की लगेच पेडलवर उभे राहावे. फेरीमागून फेरी तेच होत असेल तर सीट बदलायला हवी.

खंडानंतरच का? : ‘बूड निबर व्हावे लागते’ हे प्रचलित स्पष्टीकरण. दाबाच्या जागची त्वचा व तिच्याखालील ऊती सरावाने तो सोसू लागतात, असे एक मत आहे. दुसरे मत पायांकडे बोट दाखवते. माणूस पेडलवर जितका जोर देतो तितके वजन सीटवरून उचलले जाते. खंडात मांड्यांची ताकद घटते, जोर कमी पडतो आणि तेच शरीर सीटवर जड होऊन बसते. पोट व कंबरेचे स्नायू थकल्याने धड हँडलवर किंवा बुडावर कोसळते, कटिभाग स्थिर राहत नाही, त्यातून घर्षण वाढते. दरम्यान वाढलेले चार-पाच किलो वजन वेगळेच. दोन्ही मतांत तथ्य आहे, तरी दुसरे अधिक पटण्याजोगे वाटते : चढावर जोर लावताना तीच सीट कमी टोचते आणि सपाटीवर रमतगमत जाताना जास्त, याचा उलगडा त्यानेच होतो. म्हणून बधिरता येत नसेल तर पूर्वी सोयीची असलेली सीट पहिल्या दोन आठवड्यांत बदलू नये. दुकानदार काहीही म्हणो.

सीटची उंची : येथे दोन सूत्रे रूढ आहेत. हॅम्ले व टॉमस यांच्या १९६७ च्या अभ्यासानुसार पेडल सर्वांत दूर असताना पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे. दुसरे सूत्र अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाते, त्याचे श्रेय काही जण त्यांचे संघव्यवस्थापक सिरिल गिमार यांना देतात : आतील लांबी गुणिले ०.८८३, हे अंतर क्रँक (पेडलचा दांडा) ज्या मध्याभोवती फिरते तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, मांड्यांच्या मध्ये जाड पुस्तक घट्ट वर सरकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. हे माप ८० सेंमी. आले तर पहिल्या सूत्राने ८७.२ सेंमी.; त्यातून १७ सेंमी.ची क्रँक वजा करता ७०.२. दुसऱ्याने ७०.६. म्हणजे वाद ४ मिमी.चा, बुटाच्या तळव्याची जाडीच त्याहून जास्त भरते. खरी कसोटी गुडघ्याची : पेडल तळाशी असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहावा. खंडानंतर मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे जुन्या खुणेपेक्षा ३ ते ५ मिमी. खालून सुरुवात करणे बरे. सीट उंच असली की कंबर डावी-उजवी डोलते आणि जांघ सोलवटते. फार खाली असली तर पायांना जोर लावता येत नाही, सगळा भार बुडावर येतो. एकाच बाजूला लागत असेल तर सीट वाकडी बसली आहे का, तिची खालची दांडी वाकली आहे का, हे आधी पाहावे. पायांच्या लांबीतील फरकाचा विचार त्यानंतर.

रुंदी व कल : कठीण पायरीवर नालीदार पुठ्ठा ठेवून अर्धा मिनिट किंचित पुढे झुकून, टाचा उचलून बसावे. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतर बहुतेकांचे १०० ते १५० मिमी.च्या दरम्यान येते. त्यात झुकून चालवणाऱ्याने सु. २० मिमी. आणि ताठ बसणाऱ्याने ३० ते ४० मिमी. मिळवावेत. सीटचा कल पाणसळीने तपासावा : समतल, फार तर नाक १ ते ३ अंश खाली. त्याहून खाली केल्यास शरीर पुढे घसरते व मनगटांवर भार येऊन हात बधिर होतात. जेलचे जाड कव्हर हा सर्वांत खपणारा आणि सर्वांत फसवा उपाय. हाडे त्यात रुततात, मधला जेल वर येऊन नाजूक भागाला दाबतो आणि कव्हर सरकल्याने घर्षण होते ते निराळेच.

पुनरारंभ : पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड २० ते ३० मिनिटे पुरेत. गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येणे (एकेरी सु. ८ किमी.) हीसुद्धा काहींना पहिल्या दिवशी जास्त होते. दुसऱ्या आठवड्यात ४०-४५ मिनिटे, तिसऱ्यात गंगापूर धरण, त्यानंतर त्र्यंबकेश्वर (एकेरी सु. ३० किमी.). दर १० ते १५ मिनिटांनी १५-२० सेकंद पेडलवर उभे राहावे. त्र्यंबक रस्त्याचा हलका चढ यासाठी सोयीचा. गतिरोधकावर बसून जाऊ नये. टायर दगडासारखा फुगवू नये. ७० किलोच्या स्वाराला २८ मिमी.च्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. पावसाळ्यात घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर) चालवणाऱ्यांना सीट जास्त लागते, कारण तिथे सायकल डुलत नाही आणि उठण्याचे निमित्त मिळत नाही. नाशिक–पंढरपूर सायकल वारीसारख्या सलग दिवसांच्या प्रवासात रात्रीतून कातडी भरून येत नाही, त्यामुळे लागोपाठ दोन दिवस चालवण्याचा सराव आधी हवा. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण केलेल्या सु. ४,८०० किमी.च्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’सारख्या शर्यतींत तर कातडी सांभाळणे हे वेगाइतकेच महत्त्वाचे काम असते.

पोशाख व उपचार : पॅडेड शॉर्टच्या आत चड्डी घालू नये, तिची शिवण आणि ओला सुती कपडा हेच सोलवटण्याचे मोठे कारण. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. टाल्कम पावडरचे घामाने खडे होतात. शॉर्ट प्रत्येक फेरीनंतर धुवावी, फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, उलटी करून पूर्ण वाळवावी. घरी आल्यावर चहाला न बसता आधी अंघोळ. त्या भागातील केस वस्तऱ्याने काढल्यास केस आत वाढून पुटकुळ्या येतात. कात्रीने आखूड करणे पुरते.

केसतूड आल्यास फोडू नये. दिवसातून ३-४ वेळा १०-१५ मिनिटे कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि कातडी पूर्ववत होईपर्यंत सायकल बंद ठेवावी. कडेने पसरणारी, खाजणारी गोल चकती ही घर्षणाची खूण नसून बहुधा नायटा असतो. त्यावर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून लावण्याची चाल आपल्याकडे फार आहे. खाज चार दिवस थांबते आणि नायटा अधिक पसरतो. ताप, वाढत जाणारी लाली, गुदद्वाराजवळील गाठ, आठवडाभरात न भरणारी जखम, किंवा मधुमेह असताना आलेले कोणतेही गळू यांसाठी डॉक्टरांकडे जावे. दीर्घ पल्ल्याच्या स्त्री सायकलस्वारांत योनिमुखाच्या एका बाजूला सूज राहिल्याची वैद्यकीय वर्णने आहेत. ती सूज केवळ विश्रांतीने उतरली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावी.