ब्रिटनमध्ये निर्वासित कुटुंब वसवायचंय? आधी कौन्सिलचं संमतीपत्र, मग होम ऑफिसचा अर्ज

सर्वात आधी एक गैरसमज दूर करू. ब्रिटनच्या पुनर्वसन योजनेत निर्वासिताने स्वतः भरायचा फॉर्मच नसतो. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, कुटुंबांची निवड करते आणि त्यांची नावं होम ऑफिसकडे, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे, पाठवते. त्यामुळे ‘पैसे द्या, तुमचं नाव यादीत घालतो’ असं कुणी म्हणत असेल तर तो सरळ फसवतो आहे. जे स्वतःहून ब्रिटनमध्ये पोहोचून आश्रय मागतात, त्यांची प्रक्रिया वेगळी आहे. तिचा इथे संबंध नाही.

अर्ज, करार, कागदपत्रं हे सगळं यजमानांच्या वाट्याला येतं. यजमान दोन प्रकारचे असतात: स्थानिक कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था, आणि नागरिकांचा गट.

कौन्सिलवर यात सहभागी होण्याची सक्ती नाही. इच्छा असलेली कौन्सिल आपल्या विभागाच्या मायग्रेशन पार्टनरशिपशी, म्हणजे स्थलांतरितांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या संस्थेशी (स्कॉटलंडमध्ये हे काम कोस्ला ही तिथल्या कौन्सिलांची संघटना बघते), बोलते आणि किती कुटुंबं घेता येतील, किती खोल्यांची घरं आहेत, ते कळवते. मग होम ऑफिसच्या निधीविषयक अटी मान्य करून काम सुरू होतं. २०१५ मध्ये २०,००० सीरियन निर्वासितांना आणण्याची घोषणा झाली, आणि २०२१ च्या सुरुवातीपर्यंत त्या योजनेतून २०,३१९ जण आले, ते याच रचनेवर. तिच्या जागी आलेल्या यूके रिसेटलमेंट स्कीमनेही हीच रचना पुढे चालवली.

पैसा कसा येतो

कौन्सिलला मिळणारा निधी माणशी ठरतो. एका व्यक्तीमागे पाच वर्षांत मिळून २०,५२० पाउंड, पण सारखे वाटून नाहीत. पहिल्या वर्षी ८,५२०, मग ५,०००, ३,७००, २,३०० आणि पाचव्या वर्षी फक्त १,०००. हिशेब उघड आहे: सुरुवातीला धावपळ जास्त असते, पुढे कुटुंबाने पायावर उभं राहावं ही अपेक्षा. याशिवाय पहिल्या वर्षी ५ ते १८ वयाच्या मुलामागे ४,५०० पाउंड, ३ ते ४ वयासाठी २,२५० आणि मोठ्यांच्या इंग्रजीच्या वर्गांसाठी माणशी ८५० पाउंड अशी जोड आहे.

त्या बदल्यात काय काय करायचं? विमानतळावर घ्यायला जायचं, राहतं घर तयार ठेवायचं, हातखर्चाला माणशी २०० पाउंड द्यायचे, शाळा, डॉक्टर आणि जॉबसेंटरमध्ये (नोकरी आणि भत्त्यांचं सरकारी कार्यालय) नोंदणी करून द्यायची. महिन्याच्या आत आठवड्याला किमान आठ तास इंग्रजीचे वर्ग सुरू व्हायला हवेत. कुटुंब दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत राहायला गेलं की निधी थांबतो, म्हणून निधीच्या दाव्याचे आकडे आणि राहणाऱ्यांची नोंद जुळती ठेवावी लागते.

नागरिकांच्या गटासाठी

ही सोय कम्युनिटी स्पॉन्सरशिप नावाने जुलै २०१६ मध्ये सुरू झाली. चार मित्रांनी ठरवलं आणि अर्ज केला, असं चालत नाही. गट नोंदणीकृत धर्मादाय संस्था किंवा कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी (समाजहितासाठी चालवलेली कंपनी) असावा लागतो. तसा नसेल तर अशा एखाद्या संस्थेला मुख्य प्रायोजक म्हणून सोबत घ्यावं लागतं. इथे खर्च गटानेच उभा करायचा असतो आणि किमान ९,००० पाउंड हाताशी असल्याचा पुरावा जोडावा लागतो. घराची हमी दोन वर्षांची, बाकी मदतीची एक वर्षाची.

सोबत लागतात: संस्थेच्या नोंदणीची कागदपत्रं, मुलं आणि असुरक्षित प्रौढांच्या संरक्षणाचं धोरण, तक्रार निवारणाची पद्धत, कोण कुठलं काम करणार याची सविस्तर पुनर्वसन योजना आणि घराचा तपशील. या सगळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे कौन्सिलची लेखी संमती. ती नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

माझ्या मते खरा पेच घराचा आहे. देणग्या जमतात, दुभाषे मिळतात, पण मोठ्या कुटुंबाला पुरेल असं घर मिळणं अवघड. भाडं स्थानिक गृहभत्त्याच्या, म्हणजे भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, मर्यादेत बसायला हवं, कारण कुटुंब सुरुवातीला सरकारी भत्त्यांवरच जगणार असतं. शिवाय मोठ्या कुटुंबाच्या एकूण भत्त्यांवरही सरकारी कमाल मर्यादा आहे. म्हणून धोरणांचे मसुदे लिहीत बसण्याआधी घरमालक गाठा आणि पत्ता घेऊन कौन्सिलच्या अधिकाऱ्याकडे जा. शाळेत जागा आहे का, डॉक्टर जवळ आहे का, हे तो लगेच विचारेल. पत्ता हातात असेल तरच त्याला उत्तर देता येईल.

मंजुरी मिळाली तरी अमुकच कुटुंब हवं असं गटाला म्हणता येत नाही. जुळणी होम ऑफिस करतं.

या योजना राजकीय निर्णयांनुसार उघडतात आणि बंद होतात. अफगाण योजना १ जुलै २०२५ ला नव्या अर्जांसाठी अशीच बंद झाली. त्यामुळे घराचा करार करण्यापूर्वी होम ऑफिस सध्या अर्ज घेत आहे का, हे कौन्सिलकडून लेखी विचारून घ्या.