लीग नसलेल्या देशाचा कप: लिश्टनस्टाइनच्या फुटबॉलची पार्श्वभूमी

दर जुलैमध्ये युरोपातल्या क्लब स्पर्धांच्या क्वालिफाइंग राउंडच्या यादीत फाडुत्स (लिश्टनस्टाइनच्या राजधानीचा क्लब) हे नाव दिसतं आणि समोर देश लिहिलेला असतो लिश्टनस्टाइन, पण हाच क्लब वर्षभर लीग खेळतो स्वित्झर्लंडमध्ये, मग हे काय गौडबंगाल आहे असं नवीन बघणाऱ्याला वाटणारच. हे समजून घ्यायचं तर लिश्टनस्टाइन कपचा इतिहास बघावा लागतो. कप तसा अगदी गावपातळीवरचा, पण सगळं त्याच्यावरच अडलेलं आहे.

देश केवढा, तर १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या चाळीस हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. एका बाजूला ऱ्हाइन नदी, नदीपलीकडे स्वित्झर्लंड, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि ऑस्ट्रिया. पहिल्या महायुद्धापर्यंत यांचा सगळा व्यवहार ऑस्ट्रियाशी होता, ते साम्राज्य कोसळल्यावर यांनी स्वित्झर्लंडशी कस्टम्सचा करार केला आणि १९२४ पासून चलनही स्विस फ्रँक झालं. फुटबॉलही त्याच वाटेने गेला. फाडुत्स, बाल्झर्स आणि ट्रीझन हे तिन्ही क्लब १९३२ चे, त्यातल्या फाडुत्सने पहिला सीझन ऑस्ट्रियाच्या फोरआर्लबेर्गमध्ये काढला आणि १९३३ पासून स्वित्झर्लंड धरलं ते आजतागायत. देशाचं फुटबॉल असोसिएशन १९३४ मध्ये झालं, पण तेव्हाही स्वतःची लीग काढण्याइतके क्लब नव्हते आणि आजही नाहीत, सगळे मिळून सात. फाडुत्स, बाल्झर्स, ट्रीझन, शान, एशेन-माउरेन, रुगेल आणि डोंगरावरचं ट्रीझनबेर्ग. सात टीमची लीग काढून तेच तेच चेहरे बघत बसण्यापेक्षा स्विस लीगमध्ये खालून वर चढत जाणं कधीही चांगलं, हा निर्णय मला तरी एकदम बरोबर वाटतो.

पण मग देशाचं स्वतःचं काय उरलं? तर हा कप. दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या १९४५-४६ च्या सीझनला तो सुरू झाला आणि पहिली तिन्ही वर्षं ट्रीझनने जिंकली, १९४९ ला फाडुत्सचं नाव पहिल्यांदा लागलं. तेव्हा यात पैसा नव्हता, युरोप नव्हता, होती ती शेजारच्या गावाला हरवायची खुमखुमी. बाल्झर्सने १९८१ ते १९८४ सलग चार वेळा मारला, एशेन-माउरेनने १९७६ ते ७८ हॅटट्रिक केली. टीम कमी पडतात म्हणून एकाच क्लबची दुसरी, तिसरी टीमपण कपमध्ये उतरते, म्हणजे दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारी पोरं ड्रॉच्या चिठ्ठीत तसं नाव निघालं तर थेट प्रोफेशनल फाडुत्ससमोर उभी राहू शकतात. मला या स्पर्धेतलं सगळ्यात जास्त काय आवडतं तर हेच.

खरा बदल झाला १९९२ ला. असोसिएशन युएफाचं, म्हणजे युरोपचा फुटबॉल चालवणाऱ्या संघटनेचं, मेंबर १९७४ मध्येच झालं होतं पण क्लबांना युरोपचं दार उघडलं ते कप विनर्स कपच्या, म्हणजे देशोदेशीच्या कप विजेत्यांच्या स्पर्धेच्या, १९९२-९३ च्या सीझनला. लीग नाही म्हणजे चॅम्पियन नाही, चॅम्पियन नाही म्हणजे चॅम्पियन्स लीग नाही, आणि स्विस लीगमध्ये कितीही वर आलात तरी स्वित्झर्लंडच्या कोट्यातून जाता येत नाही, त्यामुळे कप हा एकच रस्ता. पहिल्याच वेळी फाडुत्सला युक्रेनच्या चोर्नोमोरेत्स ओडेसाने घरची आणि बाहेरची अशा दोन मॅच मिळून १२-१ ने धुतलं. पण पुढच्याच वर्षी बाल्झर्सने अल्बानियाच्या आल्बपेट्रोलला बाहेर काढलं, १९९४ ला कप जिंकून शानसारखा छोटा क्लबसुद्धा युरोप खेळून आला, आणि १९९६ ला फाडुत्स रीगाच्या टीमला पेनल्टीवर हरवून पुढे गेलं तर समोर कोण, तर गतविजेतं पॅरिस सेंट जर्मेन! ०-४ आणि ०-३ हरले, पण त्या देशात पॅरिसची टीम ऑफिशियल मॅच खेळायला आली ती या कपमुळे.

ज्या दाराने शान आणि बाल्झर्सला युरोप दाखवला त्याच दाराने फाडुत्सला मात्र फार मोठं केलं. क्लब प्रोफेशनल झाला, १९९८ ला ऱ्हाइनच्या काठावर ऱ्हाइनपार्क स्टेडियम उभं राहिलं, २००८ ला ते स्विस सुपर लीगमध्ये पोचले. आणि कप? १९९८ ते २०११ सलग चौदा वेळा फाडुत्स. बाकीचे सहाही क्लब स्विस लीगच्या खालच्या डिव्हिजनमधले हौशी, त्यांनी करायचं काय. २०१२ च्या फायनलला एशेन-माउरेनने २-२ वर मॅच नेऊन पेनल्टीवर फाडुत्सला पाडलं आणि त्या वर्षी युरोपात ते गेले, आइसलंडच्या हाफ्नार्फ्योर्दूरकडून हरून परत आले तरी त्या सहांपैकी कोणीतरी गेलं हे महत्त्वाचं. २०१३ पासून परत फाडुत्सच, मध्ये २०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे कप पूर्णच झाला नाही.

फाडुत्सवर राग धरावा असंही मला वाटत नाही. २०२२ ला स्विस लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना त्यांनी स्लोव्हेनियाचा कोपर क्लब, मग तुर्कस्तानात जाऊन कोन्यास्पोरला ४-२, मग व्हिएन्नात रापिडला १-० असं हरवत कॉन्फरन्स लीगचा (युएफाची तिसऱ्या पातळीची क्लब स्पर्धा) ग्रुप गाठला, लिश्टनस्टाइनच्या कुठल्याही क्लबने ते आधी केलेलं नव्हतं. ग्रुपमध्ये एकही मॅच जिंकता आली नाही, पण नेदरलँड्समधल्या अळकमारची टीम त्या छोट्या देशाच्या राजधानीत खेळून गेली. आणि तिथपर्यंत जायला फाडुत्सला सुरुवात करावी लागली ती शेजारच्या गावांच्या टीमशी खेळूनच, त्याला दुसरा रस्ता युएफाने ठेवलेलाच नाही. ट्रीझनच्या नावावर आठ कप आहेत, शेवटचा १९७५ चा.