इंडी-डान्स संगीत

इंडी-डान्स : ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलेली आणि साधारणपणे १९८९ ते १९९२ या काळात बहरलेली लोकप्रिय संगीताची शैली. गिटार, बास, ड्रम आणि गायक हा रॉकचा नेहमीचा ताफा कायम ठेवून त्याच्याखाली हाउस (यंत्राच्या ठेक्यावरचे क्लबमधील नृत्यसंगीत) आणि फंक (ठेकाप्रधान अमेरिकन संगीत) यांतला अखंड फिरणारा, नाचायला लावणारा ठेका घालणे, हे तिचे मुख्य लक्षण. ‘मॅडचेस्टर’ आणि ‘बॅगी’ ही नावेही तिच्यासाठी वापरली जातात, पण ती समानार्थी नाहीत. ‘मॅडचेस्टर’ हे मँचेस्टर या शहराचे व त्याच्या दोन-तीन वर्षांच्या उधाणाचे नाव आहे. हॅपी मंडेज या वाद्यवृंदाच्या नोव्हेंबर १९८९ मधील ध्वनिमुद्रिकेवर ते आले आणि तिथून वृत्तपत्रांत पसरले. ‘बॅगी’ मुळात ढगळ विजारी व सदरे यांच्यावरून पडलेले नाव असून पुढे त्या कपड्यांत नाचल्या जाणाऱ्या ठेक्यालाही तेच चिकटले. प्रस्तुत नोंदीत ‘इंडी-डान्स’ हे व्यापक नाव स्वीकारले आहे.

‘इंडी’ (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) या शब्दाचा अर्थ सुरुवातीला सांगीतिक नव्हता, व्यापारी होता. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून निघू लागलेल्या इंडी क्रमवारीत स्थान मिळण्याची अट वितरणाची होती. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यातून न जाता स्वतंत्र वितरकांमार्फत दुकानात पोचली पाहिजे, एवढेच पाहिले जाई. ही कसोटी काटेकोर लावली, तर ‘अनबिलिव्हेबल’ (१९९०) हे ईएमएफ या वाद्यवृंदाचे गाणे पार्लोफोन या मोठ्या कंपनीच्या छापावर निघाल्यामुळे या नोंदीबाहेर जाईल, आणि ठेका व मांडणी पाहता तसे करणे योग्य ठरणार नाही. म्हणून येथे वितरणापेक्षा रचनेची कसोटी लावली आहे.

उगमाविषयीची मते : उगमाबद्दल तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार शैलीचा आरंभ न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या वाद्यवृंदाच्या ‘ब्लू मंडे’पासून (मार्च १९८३) धरावा. ओबरहाइम डीएमएक्स हे ठेकायंत्र, मूग सोर्सवरचा बास आणि साडेसात मिनिटांची लांबी यांमुळे गिटारवाल्या श्रोत्यांना क्लबची सवय लागली, हे खरे आहे. मात्र त्या गाण्यात ठेका यंत्राचा आहे आणि बाकीची वाद्ये त्या यंत्राच्या शिस्तीत चालतात. माणसाने वाजवलेल्या जुन्या फंक ठेक्याचा तुकडा फिरवत ठेवायचा आणि त्यावर वाद्यवृंदाने वाजवायचे, ही १९८९ नंतरची पद्धत तिथे दिसत नाही.

दुसरे मत मँचेस्टरच्या हॅसिएंडा क्लबला श्रेय देते. फॅक्टरी रेकॉर्ड्‌स ही ध्वनिमुद्रण कंपनी व न्यू ऑर्डर यांच्या पैशावर उभा राहिलेला हा क्लब व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर २१ मे १९८२ रोजी सुरू झाला. अंतर्गत रचना बेन केली यांची होती, आणि फॅक्टरीच्या सूचीत क्लबलाच ‘फॅक ५१’ असा क्रमांक होता. गुरुवारी डेव्ह हॅस्लम आणि शुक्रवारी माइक पिकरिंग रेकॉर्ड लावत. गुरुवारच्या गर्दीत गिटारचे चाहते जास्त असत, तर शुक्रवार शिकागो-डेट्रॉइटच्या हाउसचा असे. १९८८ पर्यंत हे दोन्ही श्रोतृवर्ग एकमेकांत मिसळले. स्थानिक मंडळींनी निर्मिलेली ‘व्हूडू रे’ (१९८८) आणि ‘पॅसिफिक स्टेट’ (१९८९) ही नृत्यगीते त्याच वातावरणातली आहेत.

तिसरे मत लंडनकडे बोट दाखवते. १९८७ च्या उन्हाळ्यात इबिझा बेटावर हाउस, रॉक, पॉप असे काहीही एकापाठोपाठ एक लावण्याची रीत काही लंडनकर डीजेंनी ऐकली. परतल्यावर त्यांपैकी पॉल ओकनफोल्ड आणि त्यांच्या वर्तुळातले अँड्र्यू वेदरॉल यांनी गिटारच्या गाण्यांची नवी रूपे तयार केली. संकलकांच्या दृष्टीने हे तिसरे मत अधिक वजनदार आहे. मँचेस्टरने वाद्यवृंद दिले आणि नाचणारी माणसे दिली, पण शैलीची ओळख पटवणाऱ्या पहिल्या कृती रीमिक्सच्या (मुद्रित गाण्याचे भाग नव्याने जुळवून वेगळी आवृत्ती करण्याच्या) खोलीत घडल्या. हॅपी मंडेजचे ‘रोट फॉर लक’ १९८८ च्या ‘बम्ड’ या अल्बममध्ये मार्टिन हॅनेट यांच्या निर्मितीत दाट, चिखलात रुतल्यासारखे वाजते. त्याचीच १९८९ मधली ओकनफोल्ड यांची आवृत्ती ऐकली की फरक कशात आहे ते लगेच कळते. सूर तेच आहेत, पण बास मोकळा झाला आहे आणि ठेका पुढे आला आहे.

‘फूल्स गोल्ड’च्या ठेक्याचा वाद : द स्टोन रोझेस यांचे ९ मिनिटे ५३ सेकंदांचे हे गाणे (नोव्हेंबर १९८९) शैलीचा नमुना मानले जाते. त्याच्या तळाशी जुन्या अमेरिकन रेकॉर्डवरील ठेक्याचा तुकडा आहे, यावर एकमत आहे. तुकडा कोणता, यावर नाही. बरीच पुस्तके व नियतकालिके जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’चे (१९७०) नाव देतात. त्यातील ड्रम क्लाइड स्टबलफील्ड यांचे आहेत. दुसरे मत बॉबी बर्ड यांच्या ‘हॉट पँट्स’च्या केवळ ठेक्याच्या आवृत्तीकडे निर्देश करते. रेकॉर्ड शेजारीशेजारी लावून तुलना करणारे संग्राहक या दुसऱ्या मताकडे झुकतात, आणि तेच ग्राह्य वाटते. ‘फंकी ड्रमर’ हे त्या काळी ठेक्याच्या तुकड्यांचे जणू सामान्यनामच झाले होते. त्यामुळे पुढील लेखकांनी ते तपासणी न करता उचलले असावे.

अशी तुलना करताना दोन चुका हमखास होतात. रेकॉर्डची गती बदलली की स्वरही बदलतो, म्हणून आधी दोन्हींची गती एक करून मगच नाद जुळतो का ते पाहावे. दुसरे असे की ‘फूल्स गोल्ड’मध्ये ड्रमवादक रेनी यांनी तुकड्यावर प्रत्यक्ष वादन केले आहे. खालच्या पट्टीतील किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐकून निष्कर्ष काढल्यास त्यांचेच वादन मूळ तुकडा समजले जाते. पारख हाय-हॅटवर (झांजांच्या जोडीवर) आणि स्नेअरच्या (तीक्ष्ण आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) दबत्या आघातांवर करावी.

ठेक्याची घडण : गती दर मिनिटाला साधारण ९५ ते ११५ ठोके असते. हाउसची गती १२० च्या आसपास. चार ठोक्यांच्या एका आवर्तनाचे सोळा समान भाग केले, तर एक नमुनेदार मांडणी अशी दिसते : किक १, ३ व ११ वर, जोरकस स्नेअर ५ व १३ वर, आणि हलके, जवळजवळ पुसटलेले स्नेअर ८, १० व १६ वर. संख्येने सोळा असले तरी त्रितालाशी याचे नाते नाही. खाली-भरीची कल्पना इथे नाही, आणि वजन ५ व १३ वर पडत असल्याने समेवर येण्याचा अनुभवही मिळत नाही. ठेका ‘पोचत’ नाही, तो फिरत राहतो.

हे सोळा भाग घड्याळासारखे समान वाजवले की ठेका कोरडा होतो. दर जोडीतला दुसरा भाग किंचित उशिरा येतो. समान विभागणी ५० टक्के आणि तीनाच्या पटीतली सुमारे ६७ टक्के मानली, तर बॅगी ठेका ५४ ते ६० च्या दरम्यान बसतो. १०० च्या गतीला ५६ टक्के म्हणजे प्रत्यक्षात १८ मिलिसेकंदांचा उशीर. तेवढ्यानेही चालीत डोल येतो. बासवादक सरळ विभागणीत वाजवू लागला, तर तोच ठेका जड आणि अडखळता वाटतो. म्हणून या शैलीतला बास दोन आवर्तनांचा छोटा, पुनरावृत्त तुकडा असतो. स्वरसंगती क्वचितच बदलते आणि गिटार वाह-वाह पेडलवर (पायाने नाद उघडझाप करणाऱ्या साधनावर) ठेक्याच्याच भागांना टोकत राहते.

तुकडा फिरवण्याचे तंत्र : त्या काळात मुख्यतः अकाई कंपनीचे एस ९०० व एस १००० हे सॅम्पलर (ध्वनीचा तुकडा साठवून पुन्हा वाजवणारी यंत्रे) वापरात होते. एस ९०० हा १२ बिटचा होता आणि त्यात कमाल ४० किलोहर्ट्‌झ दराने जेमतेम १२ सेकंद ध्वनी साठे. १०० च्या गतीला दोन आवर्तने ४.८ सेकंदांची, म्हणजे असे दोन तुकडे मावत. १६ बिटच्या एस १००० मध्ये मूळच्या २ मेगाबाइट स्मृतीत एकवाहिनी ध्वनी सुमारे २४ सेकंद राही. एस ९०० वरून आलेला ठेका किंचित खरखरीत, वरच्या पट्ट्या कापलेला ऐकू येतो, आणि गिटारच्या झगमगाटाखाली तो अधिक चांगला बसतो.

काम साधारण या क्रमाने चाले. २४ मार्गांच्या दोन इंची टेपवर एका मार्गात कालसंकेत (यंत्रांना टेपच्या गतीशी जुळवून ठेवणारी खूण) भरायचा. त्याच्या आधारे अटारी एसटी संगणक चालवायचा, आणि संगणकाने प्रत्येक दोन आवर्तनांच्या आरंभी सॅम्पलरला नव्याने तुकडा वाजवायला लावायचा. हे ‘नव्याने’ फार महत्त्वाचे. तुकडा आपला आपण फिरत ठेवला आणि तो फक्त १० मिलिसेकंद लांब कापला गेला असेल, तर सोळा फेऱ्यांत १६० मिलिसेकंदांची तूट साचते. १०० च्या गतीला सोळावा भाग १५० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे सव्वा मिनिटात ठेका एका अख्ख्या भागाने मागे पडतो आणि सगळा वाद्यवृंद चुकल्यासारखा वाटतो.

ड्रमवादक त्यावर वाजवू लागला की आणखी दोन अडचणी येतात. तुकड्यातला स्नेअर आणि प्रत्यक्षातला स्नेअर यांत २०-३० मिलिसेकंदांचे अंतर पडले तर एका आघाताचे दोन ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणजे वादकाच्या हेडफोनमध्ये तुकडा मोठा ठेवणे आणि मेट्रोनोम बंद करणे, कारण तुकड्यातला डोल मेट्रोनोममध्ये नसतो. दुसरी अडचण किकची. दोन किकच्या लहरी विरुद्ध दिशेने भेटल्या की खालचा नाद एकमेकांना खाऊन टाकतो, आणि आवाज वाढवूनही ठेका पोकळच राहतो. तुकड्यातला १०० ते १५० हर्ट्‌झखालचा भाग कापून किक प्रत्यक्ष ड्रमकडे सोपवणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग. गती वाढवल्यास स्वरही चढतो. १०० वरून १०६ ला नेताना जवळपास अर्धा स्वर. तुकड्यात केवळ ड्रम असतील तर बिघडत नाही. मूळ बासचा किंवा ब्रासचा शेवट त्यात राहिला असेल, तर मात्र तो नव्या गाण्याच्या पट्टीशी भांडतो.

रीमिक्स : प्रायमल स्क्रीम या वाद्यवृंदाचे ‘लोडेड’ (फेब्रुवारी १९९०) हे टोकाचे उदाहरण. मूळ गाणे होते १९८९ च्या अल्बममधील एक संथ प्रेमगीत. वेदरॉल यांचा पहिला प्रयत्न फार सभ्य वाटल्याने गिटारवादक अँड्र्यू इनेस यांनी ते पार मोडून टाकायला सांगितले. परिणामी मुख्य गायन गेले, मागच्या भागातले ब्रास व गिटार उरले, ठेका दुसऱ्याच रेकॉर्डवरून आला, आणि आरंभी १९६६ च्या एका चित्रपटातला पीटर फोंडा यांचा संवाद बसला. इथे रीमिक्स करणारा सहलेखक ठरतो, आणि ‘स्क्रीमाडेलिका’ (सप्टेंबर १९९१) हा अल्बम याच समजुतीवर उभा आहे. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार १९९२ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो त्याला मिळाला.

क्लबमध्ये या रेकॉर्ड वाजवणे सोपे नव्हते. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलवर गती ८ टक्क्यांपर्यंतच कमीजास्त करता येते. ९८ चे गाणे फार तर १०६ ला पोचते आणि १२२ चे हाउस ११२ च्या खाली येत नाही. दोन्ही सलग जुळवणे अशक्य, म्हणून इंडी-डान्सचा स्वतंत्र टप्पा रात्रीच्या आरंभी किंवा अखेरीस ठेवावा लागे.

इतर वाद्यवृंद : द शार्लटन्स (हॅमंड ऑर्गन), ओल्डहॅमचे इन्स्पायरल कार्पेट्स (फारफिसा ऑर्गन), नॉर्थसाइड, लिव्हरपूलचे द फार्म, स्कॉटलंडचे द सूप ड्रॅगन्स, लंडनचे फ्लावर्ड अप. ब्लर यांचे ‘देअर्ज नो अदर वे’ (१९९१) याच ठेक्यावर आहे.

ओहोटी : २७ मे १९९० रोजी विडनेसजवळील स्पाइक आयलंडवर द स्टोन रोझेस यांचा मोठा कार्यक्रम झाला. त्यानंतर कंपनीशी चाललेल्या खटल्यामुळे त्यांचा पुढील अल्बम डिसेंबर १९९४ पर्यंत रखडला. फॅक्टरी रेकॉर्ड्‌स नोव्हेंबर १९९२ मध्ये बुडाली. हॅसिएंडा १९९७ मध्ये बंद पडला. जुन्या रेकॉर्डचे तुकडे विनापरवाना वापरण्याविरुद्ध डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकी न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर फुकटच्या ठेक्यांचा काळही सरला.

भारताशी संबंध : ओकनफोल्ड यांनी गोव्याच्या किनाऱ्यावरील मेळाव्यांच्या संगीतावर बेतलेला ‘गोवा मिक्स’ डिसेंबर १९९४ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर सादर केला. कॉर्नरशॉप या वाद्यवृंदाचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ (१९९७) हे सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांना केलेले वंदन आहे. मूळ रूपात त्याला फारसे यश आले नाही. नॉर्मन कुक यांनी गती व पट्टी दोन्ही चढवून केलेले रीमिक्स फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

आवृत्त्यांविषयी : आज ही गाणी ऐकताना बारा इंची रेकॉर्डवरची लांब आवृत्ती निवडावी. ‘फूल्स गोल्ड’ची छोटी केलेली आवृत्ती निम्म्याहून कमी लांबीची आहे आणि ठेका एकट्याने फिरतो तो भाग तिच्यात जवळजवळ नाही. द स्टोन रोझेसच्या मे १९८९ च्या ब्रिटिश अल्बममध्ये हे गाणे नव्हते, अमेरिकन आवृत्तीत ते नंतर जोडले गेले. मूळ टेपवरून नवी प्रत काढताना त्या काळातील काही टेपचा लेप ओलावा शोषून चिकट होतो आणि यंत्राच्या डोक्याला लागून खरवडला जातो. त्या सुमारे ५४ अंश सेल्सिअसला अनेक तास शेकून लगेच प्रत काढावी लागते, कारण काही आठवड्यांत चिकटपणा परततो.