वाहनांचा धूर आणि मुलांचा लठ्ठपणा : हा प्रश्न आला कुठून?

वाहनांच्या धुराचा मुलांच्या वजनाशी काही संबंध असेल का, हा प्रश्न लठ्ठपणाच्या अभ्यासातून निघालेला नाही. त्याची सुरुवात फुप्फुसांपासून झाली. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १२ वस्त्यांमधल्या शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची क्षमता मोजायला घेतली. ही क्षमता शरीराच्या आकारमानाप्रमाणे बदलते, त्यामुळे तपासणीच्या वेळी उंची आणि वजन नोंदवणे भागच होते. हजारो मुलांच्या वाढीची नोंद अशी जमत गेली.

या नोंदींवर मायकेल जेरेट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पहिले उत्तर काढले. घरापासून १५० मीटरच्या आत वाहनांची वर्दळ जितकी जास्त, तितका १८व्या वर्षी मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, जास्त. पण यात मोठी अडचण होती. वर्दळीच्या रस्त्याकाठी घरे स्वस्त असतात, खेळायला जागा नसते आणि आईवडील मुलांना बाहेर सोडत नाहीत. मग वजन धुराने वाढले की घरात बसून राहिल्याने? नुसती वाहने मोजून हे कळणे शक्य नव्हते.

म्हणून जेरेट यांच्याच २०१४च्या अभ्यासात धूरच मोजमापात आणला. ५ ते ११ वर्षांच्या ४,५५० मुलांच्या पत्त्यांवर वाहनांची संख्या, रस्त्यापासूनचे अंतर आणि वाऱ्याची दिशा व वेग यांवरून नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण काढले. जास्त धुराच्या ठिकाणच्या मुलांचा बीएमआय १०व्या वर्षी कमी धुराच्या मुलांपेक्षा सुमारे ०.४ने अधिक निघाला. एका मुलापुरता हा फरक किरकोळ आहे आणि बातम्यांच्या मथळ्यांत तो नेहमी फुगवला जातो. लाखो मुलांचा विचार केला की मात्र तो किरकोळ राहत नाही.

न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाने वेगळी वाट धरली. ब्राँक्स आणि उत्तर मॅनहॅटनमधल्या, धूम्रपान न करणाऱ्या गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत दोन दिवस पाठीवरच्या पिशवीत हवा खेचणारे यंत्र दिले. अर्धवट जळलेल्या इंधनातून निघणारी पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन त्यात मोजली. ज्यांच्या हवेत ती सर्वाधिक होती, त्यांच्या मुलांत ७व्या वर्षी लठ्ठपणाचा धोका, सर्वात कमी असलेल्या गटाच्या तुलनेत, सव्वादोन पट आढळला (२०१२). पत्त्यावरून केलेल्या अंदाजापेक्षा हे मोजमाप त्या बाईच्या श्वासाच्या जास्त जवळचे. मात्र ही रसायने इमारत तापवण्याच्या तेलातूनही येतात. सगळा दोष गाड्यांवर टाकता येत नाही.

शरीरात नेमके काय होते, याचे धागे उंदरांवरच्या प्रयोगांत मिळाले. वरच्या हायड्रोकार्बनांपैकीच एक असलेले बेंझोपायरिन साठलेली चरबी मोकळी होऊ देत नाही, असे २००६ साली दिसले. चरबीयुक्त आहारावरच्या उंदरांना सूक्ष्म धूलिकणांची हवा दिल्यावर त्यांच्या चरबीत दाह वाढला आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावला, हे २००९ साली.

सगळीकडे असेच दिसले असे नाही. रोममध्ये जन्मापासून पाहिलेल्या मुलांत २०१८ साली असा संबंध आढळला नाही.

कॅलिफोर्नियात नव्या शाळा फ्रीवेपासून, म्हणजे द्रुतगती महामार्गापासून, ५०० फुटांच्या (सुमारे १५० मीटर) आत बांधण्यावर २००३ सालीच, अपवाद ठेवून, कायद्याने बंधन आले होते. त्यामागे वजन नव्हे, मुलांचे श्वसन होते. या अंतरालाही मर्यादा आहे. दिवसा फ्रीवेचे अतिसूक्ष्म कण ३०० मीटरच्या आसपास विरतात, पण सूर्योदयापूर्वी हवा स्थिर असते तेव्हा ते वाऱ्याच्या दिशेने दोन किलोमीटरपर्यंत सापडले आहेत.

आपल्याकडे असा अभ्यास करायचा तर मोजपट्टीच बदलावी लागेल. पुण्याजवळच्या सहा गावांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवले, की आपली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी असतात. तरी पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते. अशा मुलांत बीएमआय साधारण दिसतो आणि चरबी नजरेतून सुटते. चिमटीत धरलेल्या त्वचेच्या घडीची जाडी आणि कमरेचा घेर या नोंदी सुरुवातीपासूनच ठेवाव्या लागतील.