378 दिवसांचे सुतक : राजा भूमिबोल यांच्या निधनानंतरचे थायलंड

24 ऑक्टोबर 2025 रोजी थायलंडच्या राजमाता सिरिकिट वयाच्या 93व्या वर्षी गेल्या. त्यांचे पार्थिव बँकॉकच्या राजवाड्यातल्या दुसित महाप्रासादात ठेवले गेले, सरकारी नोकरांना वर्षभराचा दुखवटा लागला, झेंडे 30 दिवस अर्ध्यावर आले. हे सगळे फारशी गडबड न होता घडले, कारण घडी आधीच बसलेली होती. ती बसली नऊ वर्षांपूर्वी, त्यांचे पती राजा भूमिबोल अदुल्यदेज गेले तेव्हा. आज थायलंडमधला राजदुखवटा, त्याभोवतीचा कायदा आणि त्यावरचा वाद समजून घ्यायचा, तर 13 ऑक्टोबर 2016 ते 26 ऑक्टोबर 2017 हे 378 दिवस नीट पाहावे लागतात.

भूमिबोल, म्हणजे चक्री घराण्यातले नववे राम (या घराण्यातल्या राजांना क्रमाने राम म्हणतात), 9 जून 1946 रोजी गादीवर आले. त्याच दिवशी सकाळी त्यांचे थोरले बंधू राजा आनंद महिदोल राजवाड्यात गोळी लागून मेले होते. पुढे भूमिबोल यांनी 70 वर्षे राज्य केले. त्यामुळे 2016 साली बहुतेक थाई माणसांनी दुसरा राजा पाहिलेलाच नव्हता, आणि राजाचा अंत्यविधी तर त्याहूनही कमी जणांनी. शेवटचा असा विधी झाला होता 29 मार्च 1950 रोजी, आनंद महिदोल यांचा, तोही मृत्यूनंतर जवळजवळ चार वर्षांनी. त्याआधीचे सातवे राम गादी सोडून इंग्लंडमध्ये राहत होते. 1941 साली ते गेले तेव्हा लंडनच्या गोल्डर्स ग्रीन दहनगृहात त्यांचे साधेपणाने दहन झाले. विधी हाताखालून गेलेली माणसे घडली ती भूमिबोल यांच्या आई श्रीनगरिंद्र (1996) आणि बहीण गल्याणी (2008) यांच्या अंत्यसंस्कारांत. ललित कला खात्याच्या कारागिरांसाठी हे दोन प्रसंग म्हणजे एक प्रकारची तालीमच ठरले.

13 ऑक्टोबरला दुपारी 3 वाजून 52 मिनिटांनी सिरीराज रुग्णालयात राजाने प्राण सोडला. रुग्णालयाच्या आवारात कितीतरी दिवस लोक गुलाबी कपडे घालून बसले होते. हा रंग राजाच्या प्रकृतीला शुभ मानला जाई. संध्याकाळी घोषणा झाली आणि त्या गुलाबी गर्दीतून हंबरडे फुटले. दुसऱ्या दिवशी पार्थिव नदीपलीकडे राजवाड्यात नेले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडा काळ्या होत्या.

इथेच पहिली व्यावहारिक अडचण उभी राहिली. सात कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला एकाच वेळी काळे कपडे हवे होते. काही दिवसांत दुकानांतले काळे शर्ट संपले, भाव चढले, आणि वाणिज्य मंत्रालयाला नफेखोरीविरुद्ध तंबी द्यावी लागली. मग लोकांनी रस्त्यावर चुली मांडल्या. विद्यापीठांत, बाजारांत, सरकारी आवारांत मोठमोठ्या पिंपांत काळा रंग उकळू लागला, आणि घरचा कोणताही शर्ट घेऊन या, फुकट रंगवून देतो, असे फलक लागले. रंगाच्या कामाची माहिती असलेल्याला यातली गोम ठाऊक असते. सुती कापड गरम पाण्यात मीठ घातलेल्या रंगात घोळले की काळे होते, पॉलिस्टर मात्र राखाडीवरच थांबते, आणि कापड सतत हलवले नाही तर डाग पडतात. ज्यांना एवढेही जमत नव्हते त्यांच्यासाठी छातीवर काळी फीत पुरे, असे सरकारने सांगितले. खरे तर काळा रंग हीच तिथे उशिरा आलेली गोष्ट आहे. जुन्या सयामात, म्हणजे पूर्वीच्या थायलंडमध्ये, दुखवट्याचा रंग प्रामुख्याने पांढरा होता, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत राजा गेला की प्रजेने डोके भादरायचे. काळ्याची प्रथा युरोपी दरबारांच्या संपर्कातून रुजली.

दूरदर्शन वाहिन्यांवर राजाच्या चित्रफितींखेरीज काही दिसेना, संकेतस्थळे रंग काढून करडी झाली. 30 दिवस करमणुकीचे कार्यक्रम टाळावेत असे आवाहन झाले आणि को फांगान बेटावरची पौर्णिमेची प्रसिद्ध जत्रा रद्द झाली. शेअर बाजार मात्र उलटा वागला. प्रकृती खालावल्याच्या बातमीने तो 12 तारखेला कोसळला होता, निधनाच्या दुसऱ्या दिवशी सावरला. व्यापाऱ्यांना अनिश्चिततेची भीती होती आणि ती आता संपली होती.

22 ऑक्टोबरला राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर लाखाहून अधिक लोकांनी एकत्र राजगीत गायले. 29 ऑक्टोबरपासून सामान्यांसाठी दुसित महाप्रासाद खुला झाला. पहाटेपासून रात्रीपर्यंत रांग चाले. मैदानावर तंबू, फुकट जेवण, पाणी, औषधे, फिरती स्वच्छतागृहे, म्हाताऱ्यांसाठी चाकांच्या खुर्च्या, आणि बसथांब्यापासून मैदानापर्यंत फुकट नेणारे मोटारसायकलवाले. स्त्रियांना गुडघ्याखाली जाणारा घागरा सक्तीचा. जीन्स आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नसत. तासन्‌तास उभे राहिल्यावर आत मिळायचे ते काही क्षण. गटागटाने जमिनीवर बसायचे, नतमस्तक व्हायचे, उठायचे. दर्शन 30 सप्टेंबर 2017 ला थांबायचे होते, गर्दीमुळे ते 5 ऑक्टोबरपर्यंत वाढले. एकंदर सुमारे 1 कोटी 27 लाख लोक येऊन गेले, म्हणजे दिवसाला सरासरी 37 हजारांहून अधिक. जमलेली देणगी 88 कोटी बाटच्या वर होती. एवढी माणसे कोणत्याही हुकमाने वर्षभर रोज उभी करता येत नाहीत. दुष्काळी भागातली धरणे आणि बंधारे, कृत्रिम पाऊस, डोंगरी गावांत अफूऐवजी दुसरी पिके, ही कामे लोकांनी राजाच्या नावाशी जोडलेली होती. मे 1992 मध्ये रस्त्यावर गोळीबार झाल्यावर पंतप्रधान आणि आंदोलनाचा नेता दोघेही राजासमोर गुडघ्यांवर बसलेले देशाने दूरदर्शनवर पाहिले होते. हे प्रेम बनावट होते असे म्हणणारा माणूस ती रांग नीट पाहतच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाप्रासादात उंच चौथऱ्यावर दिसणारा सोन्याचा कलशासारखा घट हा राजकलश. पूर्वी राजाचे शव पांढऱ्या वस्त्रांत बांधून, हात जोडून बसलेल्या स्थितीत त्यात ठेवत. आतल्या घटाला तळाशी जाळी असे, खाली नळी, आणि उतरणारा द्रव साठवून त्याचे वेगळे दहन करत. महिनोन्‌महिने शव ठेवायचे तर याला पर्याय नव्हता. श्रीनगरिंद्र यांच्यापासून पेटीचा पर्याय रूढ होत गेला. भूमिबोल यांचे पार्थिवही पेटीतच होते, कलश मानाचा. समोर भिक्षूंचे पठण अखंड चाले, आणि 7व्या, 15व्या, 50व्या, 100व्या दिवशी विशेष पुण्यविधी होत. थायी राजदरबारात ब्राह्मण पुरोहित आजही आहेत. बौद्ध पठणाच्या शेजारी त्यांचा शंखही वाजतो.

इकडे सनाम लुआंगवर मेरू उभा राहत होता. मेरू म्हणजे आपल्याकडच्या पुराणांतला तोच विश्वाच्या मधोमध असलेला पर्वत. राजा हा देवांश, तो मेरूवरून आला आणि मेरूवरच परतणार, अशी त्यामागची कल्पना. म्हणून दहनाची जागाच पर्वताच्या आकाराची बांधतात, आणि काम झाले की पाडतात. या वेळचा मेरू 50.49 मीटर उंच होता. नऊ शिखरे, कारण राजा नववा. आतला सांगाडा पोलादी, वरून लाकूड आणि नक्षीकाम. पायथ्याला पुराणकथांतल्या हिमवंत वनातले प्राणी, पाण्याच्या कुंडांजवळ हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, वर गरुड आणि देवता. चितेभोवतीच्या पडद्यांवर नारायणाचे अवतार वरच्या भागात आणि खाली राजाने सुरू केलेल्या पाटबंधारे-शेतीच्या कामांची चित्रे. चितेजवळ राजाच्या थोंगदाएंग या लाडक्या कुत्रीचा पुतळाही होता. एकूण सोहळ्याचा खर्च सुमारे 3 अब्ज बाट होता.

मैदानाच्या कडेने, रस्त्यांवर आणि देशभर घराघरांपुढे झेंडू लावले गेले. राजा सोमवारी जन्मलेला, सोमवारचा रंग पिवळा. झेंडूला लावणीपासून फुलायला साधारण दोन महिने लागतात, हे आपल्याकडे दसऱ्यासाठी लावणाऱ्याला सांगायला नको. तिथेही ऑक्टोबरअखेर फूल यावे म्हणून हिशेब करून लावणी झाली.

सगळ्यात अवघड काम रथाचे होते. महाविजय राजरथ 1795 साली पहिल्या रामाने आपल्या वडिलांच्या अंत्यविधीसाठी घडवून घेतला. लाकडी कोरीव, सोन्याचा मुलामा, काचेची जडण, उंची 11 मीटरच्या वर, वजन 13.7 टन. दोनशे वर्षांच्या लाकडाला मोटार लावता येत नाही. धक्का बसला तर नक्षी सुटते, सांधे ढिले होतात. म्हणून तो माणसेच ओढतात. सैन्याच्या 216 जवानांपैकी 172 पुढच्या दोरांना आणि 44 मागच्या दोरांना होते. मागचे 44 म्हणजेच ब्रेक. रस्त्याला थोडा उतार आला की एवढे वजन पुढच्यांच्या अंगावर येऊ शकते, तेव्हा मागच्यांनी दोर ताणून धरायचा. वळणावर पुढच्या फळीला पाऊल लहान ठेवावे लागते, नाहीतर दोर एका बाजूला खेचले जातात. रथ इतका सावकाश जातो त्यामागे गांभीर्य आहेच, पण आधी हे गणित आहे. ऑक्टोबरभर खऱ्या मार्गावर सराव झाले.

26 ऑक्टोबर 2017. लोक आदल्या दिवसांपासून पावसात पदपथांवर प्लास्टिक अंथरून झोपले होते. सकाळी कलश सोन्याच्या पालखीतून निघाला, मग राजरथावर चढला, मैदानाजवळ तोफगाड्यावर आला आणि त्याने मेरूला तीन उलट्या प्रदक्षिणा घातल्या. शुभकार्यातली प्रदक्षिणा उजवीकडून, मृत्यूतली डावीकडून, हा नियम तिथेही पाळतात. ज्यांना मैदान गाठता येणार नव्हते त्यांच्यासाठी बँकॉकमध्ये 9 आणि प्रांतांत 76 अशा मेरूच्या 85 प्रतिकृती उभारल्या होत्या. लोकांनी तिथे चंदनाची फुले वाहिली. आता खरे चंदन इतके मिळत नाही, त्यामुळे ही फुले बहुतेक कागदाची किंवा मक्याच्या सालींची, आणि ती स्वयंसेवकांनी महिने आधी बसून वळलेली. संध्याकाळी नव्या राजाने विधिपूर्वक अग्नी दिला. खरे दहन रात्री 10च्या सुमारास झाले आणि ते प्रक्षेपित केले गेले नाही. 29 तारखेपर्यंत अस्थी राजवाड्यात आणि रक्षा दोन मठांत पोहोचली. मेरू वर्षअखेरपर्यंत लोकांना पाहू दिला, मग उतरवला.

या शोकाला दुसरी बाजू आहे, आणि तीही तेवढ्याच स्पष्टपणे लिहिली पाहिजे. थायी दंडविधानाचे कलम 112 राजा, राणी, वारस किंवा राजप्रतिनिधी यांच्या अवमानासाठी 3 ते 15 वर्षे कैद सांगते. मे 2014 पासून देश लष्करी सत्तेखाली होता. निधनानंतरच्या पहिल्याच आठवड्यात फुकेत आणि दक्षिणेतल्या इतर भागांत फेसबुकवर काही लिहिल्याच्या संशयावरून जमाव घरांवर आणि पोलीस ठाण्यांवर गेला. काहींना राजाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकायला लावले. त्या वेळच्या न्यायमंत्र्यांनीच अशांना समाजाने धडा शिकवावा असे म्हटले. काळे न घातलेल्यांना रस्त्यात हटकले गेले. अनेकांकडे काळा कपडा नव्हता एवढेच कारण होते, आणि शेवटी सरकारलाच लोकांना आवरते घ्या म्हणावे लागले. खऱ्या दुःखाला अशा पहाऱ्याची गरज नव्हती. रांगेतल्या लाखो लोकांची प्रामाणिक माया त्यामुळे झाकोळली.

वारसाचा प्रश्नही अनपेक्षित वळणाने गेला. युवराज महा वजिरालोंगकोर्न यांनी शोकासाठी वेळ मागितला. त्यामुळे घटनेनुसार प्रिव्ही कौन्सिलचे (राजाच्या सल्लागार मंडळाचे) अध्यक्ष, 96 वर्षांचे माजी पंतप्रधान प्रेम तिनसुलानोंदा काही आठवडे राजप्रतिनिधी झाले. 1 डिसेंबर 2016 रोजी घोषणा झाली आणि राज्यारोहण 13 ऑक्टोबरपासूनच धरले गेले. दोनच दिवसांनी विद्यार्थी कार्यकर्ता जतुपत बूनपत्तररक्सा याला नव्या राजाविषयीचा बीबीसी थाईचा लेख फेसबुकवर पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. राज्याभिषेक मात्र दहनानंतर, मे 2019 मध्ये झाला.

पुढची वर्षे याच धाग्याची आहेत. राजसंपत्तीचा कारभार नव्या राजाच्या हाती गेला. 10 ऑगस्ट 2020 रोजी थम्मासात विद्यापीठाच्या रंगसित आवारात विद्यार्थ्यांनी राजसंस्थेच्या सुधारणेच्या दहा मागण्या जाहीर वाचल्या. भूमिबोल यांच्या हयातीत हे कुणी उघड बोलले नसते. 20 सप्टेंबरला आंदोलकांनी सनाम लुआंगवर, जिथे मेरू उभा होता त्याच मैदानात, देश जनतेचा आहे असे सांगणारा पितळी फलक बसवला. एका दिवसात तो नाहीसा झाला. काही काळ थंडावलेले कलम 112 त्या नोव्हेंबरपासून पुन्हा वापरात आले. 7 ऑगस्ट 2024 रोजी संविधान न्यायालयाने, या कलमात बदल सुचवणारा आणि 2023 च्या निवडणुकीत सर्वाधिक जागा जिंकलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष विसर्जित केला.

सिरिकिट यांच्या वेळी सरकारने सामान्य लोकांना 90 दिवस दुखवटा पाळण्याची विनंती केली. दर्शनाचा चौथरा मात्र तोच, महाप्रासादही तोच.